रॅश गार्ड कसा निवडावा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तारकर्लीचं स्नॉर्केलिंग, कोलाडचं राफ्टिंग, गोव्यातला सर्फिंगचा पहिला धडा, नाहीतर सोसायटीच्या स्विमिंग पुलातला मुलांचा उन्हाळी क्लास. पाण्यात उतरण्याआधी लोक जे विचारत राहतात, ते इथे एकत्र केलं आहे. एका उत्तराचा धागा बऱ्याचदा दुसऱ्या उत्तरात सापडतो, म्हणून प्रश्नांना क्रमांक दिले आहेत.

१. रॅश गार्ड म्हणजे नेमकं काय? साधा टी-शर्ट घालून पाण्यात गेलं तर काय बिघडतं?

नायलॉन किंवा पॉलिएस्टरच्या धाग्यात इलॅस्टेन मिसळून विणलेला, ताणला जाणारा आणि चटकन वाळणारा सदरा म्हणजे रॅश गार्ड. इलॅस्टेनलाच दुकानात लायक्रा किंवा स्पॅन्डेक्स म्हणतात. याची कामं दोनच: घासल्याने कातडी सोलवटू न देणं आणि ऊन अडवणं.

सुती टी-शर्ट ही दोन्ही कामं नीट करत नाही. तो पाणी पितो, जड होतो, खांद्यावरून ओघळतो आणि लाट आली की गळ्यापर्यंत वर चढतो. ओल्या सुती कापडाच्या घड्या मीठ आणि वाळू धरून ठेवतात, आणि हात मारताना त्याच घड्या काखेत घासतात. उन्हाचंही तेच. पांढऱ्या पातळ सुती टी-शर्टचं संरक्षण कोरडं असतानाही यूपीएफ (कापड ऊन किती अडवतं त्याचा आकडा, प्रश्न ३ पाहा) ५ ते ७ च्या आसपास असतं, आणि भिजल्यावर ते आणखी घसरतं.

२. आम्ही फक्त बनाना राइड आणि जेट स्की करणार आहोत. तरी घ्यायलाच हवा का?

पाच-दहा मिनिटांच्या राइडसाठी मुद्दाम विकत घेऊ नका. अंगाबरोबर बसणारा, सिंथेटिक कापडाचा पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट असेल तर तेवढ्यापुरता पुरतो. बनाना राइडमध्ये खरं घासतं ते मांड्यांच्या आतल्या बाजूला, त्यामुळे वरच्या सदऱ्यापेक्षा गुडघ्यापर्यंतची घट्ट शॉर्ट किंवा लेगिंग जास्त कामाला येते.

तासभर किंवा त्याहून जास्त वेळ पाण्यात असाल तर मात्र घ्या. स्नॉर्केलिंगमध्ये पाठ सतत आकाशाकडे असते आणि पाणी थंड लागत असल्याने भाजतंय हे कळतच नाही, संध्याकाळी आंघोळीला गेल्यावर कळतं. सर्फिंगमध्ये बोर्डावर लावलेलं मेण आणि त्यात अडकलेली वाळू पोट, छाती आणि स्तनाग्रं घासून काढतात. पहिल्याच धड्यानंतर अनेकांना रक्ताळलेले ओरखडे उठतात.

३. लेबलवर यूपीएफ ५०+ लिहिलंय. एसपीएफ आणि हे एकच का?

नाही. एसपीएफ हा सनस्क्रीनचा आकडा आहे आणि तो मुख्यतः त्वचा लाल करणाऱ्या किरणांवर ठरतो. यूपीएफ हा कापडाचा आकडा आहे आणि त्यात यूव्हीए आणि यूव्हीबी हे अतिनील किरणांचे दोन्ही प्रकार धरलेले असतात. हिशेब सोपा आहे: यूपीएफ ५० म्हणजे कापडावर पडलेल्या अतिनील किरणांचा पन्नासावा भाग, म्हणजे २ टक्के, आत येतो. यूपीएफ ३० मधून सुमारे ३.३ टक्के आणि १५ मधून जवळपास ६.७ टक्के.

आपल्या किनाऱ्यावर मार्च ते मे या महिन्यांत दुपारी यूव्ही निर्देशांक ११ च्या वर जातो, म्हणून ५०+ च घ्या. शिवाय पाण्यात बुडून राहिलं म्हणजे सुटलो, असं नाही. अर्धा मीटर खोलीवरही पृष्ठभागावरच्या सुमारे ४० टक्के अतिनील किरणं पोचतात. लेबलवर ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या एएस/एनझेडएस ४३९९ या मानकाचा उल्लेख असेल तर आकडा चाचणीतून आलाय असं मानायला जागा आहे. नुसतं ‘यूव्ही प्रोटेक्शन’ लिहिलेलं असेल आणि आकडाच नसेल, तर ते लेबल नसल्यासारखंच.

एक अपवाद लक्षात ठेवा. हा आकडा सहसा नव्या, न ताणलेल्या कापडाचा असतो. फार घट्ट मापाचा रॅश गार्ड खांद्यावर आणि पाठीवर ताणला गेला की विणीतली भोकं उघडतात आणि संरक्षण कमी होतं.

४. पूर्ण बाह्या घ्याव्यात की अर्ध्या?

शंका असेल तर पूर्ण. समुद्रावर सगळ्यात आधी भाजतात ते हातांचे वरचे भाग, आणि बोर्डावर किंवा कयाकच्या कडेवर घासतात तेही तेच. अर्ध्या बाह्यांचा उपयोग दोन ठिकाणी आहे: इनडोअर पूल, आणि वेटसूटच्या (ऊब देणाऱ्या जाड रबरी पोशाखाच्या) आत, जिथे दोन थरांच्या बाह्यांनी हात जखडल्यासारखे होतात. बिनबाह्यांचा प्रकार फक्त वेटसूटखाली घालायचा.

५. नायलॉन चांगलं की पॉलिएस्टर?

समुद्र, बोर्ड, खडक असेल तर नायलॉन. सर्वसाधारणपणे ८० ते ८५ टक्के नायलॉन आणि १५ ते २० टक्के इलॅस्टेन हे मिश्रण मऊ असतं, घर्षणाला टिकतं आणि अंगावर छान बसतं. त्याचं दुखणं क्लोरीन. आठवड्यातून तीन-चार दिवस पूलमध्ये जाणाऱ्यांनी पॉलिएस्टर घ्यावं. लेबलवर पीबीटी हा पॉलिएस्टरचाच प्रकार लिहिलेला असेल तर उत्तम. तो क्लोरीनमध्ये रंग आणि ताण दोन्ही जास्त दिवस धरतो, आणि नायलॉनपेक्षा लवकर वाळतो.

वजनाकडेही बघा. १८० ते २२० ग्रॅम प्रति चौरस मीटर हे आपल्या हवेला योग्य. त्याहून फार पातळ कापड ओलं झाल्यावर पारदर्शक होतं.

६. माप कसं घ्यायचं? शर्टाला ‘एल’ लागतो, मग यालाही तोच ना?

नेहमीच्या शर्टाचं माप इथे विसरा. टेप काखेखालून, छातीच्या सगळ्यात भरीव भागावरून आडवी फिरवा, श्वास नेहमीसारखा ठेवा, आणि आलेला आकडा त्याच कंपनीच्या तक्त्यात शोधा. दोन मापांच्या मधोमध येत असाल तर सर्फिंगसाठी किंवा वेटसूटखाली घालायला लहान घ्या; स्नॉर्केलिंग, पॅडल बोर्ड, नुसतं पोहणं यासाठी मोठं.

घालून पाहताना हे करा:

- दोन्ही हात सरळ वर न्या. पोट उघडं पडलं तर लांबी कमी आहे. उंच माणसांच्या बाबतीत घोटाळा बहुधा इथेच होतो, छातीत नाही.
- हात पुढे-मागे वल्ह्यासारखे फिरवा. काखेत कापडाची घडी गोळा होत असेल तर सदरा मोठा आहे, आणि तीच घडी पाण्यात घासणार.
- गळ्यात दोन बोटं सहज गेली पाहिजेत. मान वळवताना शिवण टोचली तर पाण्यात तासाभरात तिथे लाल पट्टा उमटतो.
- खोल श्वास घ्या. छाती आवळल्यासारखी वाटली तर एक माप वाढवा.
- शेवटी काढून बघा. कोरडा असतानाच डोक्यात अडकला तर ओला मुळीच निघणार नाही.

कोरडा असताना किंचित घट्ट वाटणं ठीक आहे, कारण भिजल्यावर कापड थोडं सैलावतं. ओला काढताना कमरेतून पुढे वाका, हातांची फुली करून खालची कड दोन्ही बाजूंनी धरा आणि उलटा करत वर ओढा. गळ्याला धरून ओढलं की आधी तिथली शिवण जाते.

७. अंगाला चिकटणारे कपडे घालायला संकोच वाटतो. सैल चालेल का? की पंजाबी ड्रेस बरा?

सैल रॅश गार्ड जरूर घ्या. स्विम टी-शर्ट किंवा यूव्ही टॉप या नावाने मिळतो. ऊन अडवायला तो तितकाच चांगला, फक्त सर्फिंगला आणि जोराच्या लाटांत नको, कारण तो वर सरकतो आणि घासतो. मांडीपर्यंत लांब, अंगरख्यासारखे स्विम ट्यूनिक आणि खाली लेगिंग असे संचही मिळतात. डोकं झाकणारे पूर्ण अंगाचे संच आहेत, तेही चांगले. पाण्यात मोकळेपणाने वावरता आलं पाहिजे, म्हणून जे घातल्यावर सतत ओढून सारखं करावं लागणार नाही तेच घ्या.

साडी, ओढणी, घेरदार सलवार मात्र पाण्याच्या खेळांत नको, आणि हे आम्ही कळकळीने सांगतो. ओलं कापड पायांत गुंडाळतं, ओढणी बोटीच्या किंवा पॅराशूटच्या दोरांत अडकते, आणि पाण्यात पडल्यावर जड कपड्यांनी परत बोटीत चढता येत नाही.

८. दुकानात हातात घेतल्यावर चांगला-वाईट कसा ओळखायचा?

आधी उलटा करा. आतली शिवण सपाट हवी, बोट फिरवल्यावर उंचवटा लागता कामा नये. दोन तुकडे एकमेकांवर न चढवता शेजारी ठेवून घातलेली ही शिवण फ्लॅटलॉक म्हणून ओळखली जाते. आत धाग्यांची जाड कड उभी राहत असेल तर ती ओव्हरलॉक, नेहमीच्या टी-शर्टची. ती काखेत घासणारच.

मग बाही कुठे जोडली आहे ते बघा. गळ्यापासून काखेपर्यंत तिरकी गेलेली रॅग्लन शिवण खांद्याच्या माथ्यावर येत नाही, म्हणून लाइफ जॅकेटच्या पट्ट्याखाली टोचत नाही. काखेत चौकोनी किंवा बदामी आकाराचा वेगळा तुकडा लावलेला असेल तर फारच चांगलं: चार शिवणी एकाच बिंदूवर येत नाहीत आणि हात वर नेताना सदरा ओढला जात नाही.

आता कापड दोन्ही हातांनी आडवं ताणून उजेडाकडे धरा. हाताची बोटं स्पष्ट दिसली तर ठेवून द्या. छापील नक्षीच्या पॉलिएस्टरमध्ये एक हमखास दोष दिसतो: ताणल्यावर रंगाखालचा पांढरा धागा वर येतो. छातीवर आणि पाठीवर नेमकं तिथेच ऊन आत शिरतं. सोडल्यावर कापड लगेच पूर्वीच्या आकारात आलं पाहिजे.

सर्फिंगसाठी घेत असाल तर खालच्या कडेला आत एक छोटा फास आहे का पाहा. तो शॉर्टच्या नाडीत ओवला की लाटेत सदरा वर सरकत नाही.

९. जिमचा कॉम्प्रेशन टी-शर्ट आहेच. तो चालेल?

एखाद्या दिवसासाठी चालेल. नेहमीसाठी नको. जिमचा कपडा घाम बाहेर टाकण्यासाठी विणलेला असतो, त्यामुळे काखेत आणि पाठीवर बहुधा जाळी असते, आणि जाळीतून ऊन आत येतं. क्लोरीनने त्याचं इलॅस्टेनही लवकर मरतं. तुमच्या टी-शर्टला जाळी नसेल, शिवण सपाट असेल आणि प्रश्न ८ मधल्या उजेडाच्या कसोटीला तो उतरला, तर नवा घेण्याची घाई नको.

१०. रंग कोणता घ्यावा? पांढरा गार राहील ना?

पांढरा नको. ओला झाल्यावर पारदर्शक होतो आणि त्याच विणीच्या गडद कापडापेक्षा सहसा कमी किरणं अडवतो. काळा किनाऱ्यावर तापतो, पण पाण्यात फरक पडत नाही.

रंगाचा खरा मुद्दा दिसण्याचा आहे. निळा, राखाडी, हिरवा, पांढरा हे रंग पाण्यात हरवतात. भडक नारिंगी, नियॉन पिवळा, नियॉन गुलाबी लांबून दिसतात. मुलांसाठी यात तडजोड करू नका. बुडणारं मूल ओरडत नाही, ते आधी दिसावं लागतं.

११. पाण्यात थंडी वाजते. रॅश गार्डने ऊब मिळेल का?

नाही. पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने अंगातली उष्णता ओढतं आणि पातळ लायक्रा ती थांबवू शकत नाही. ऊब निओप्रीनच्या वेटसूटने मिळते, कारण त्या रबरात वायूचे बुडबुडे असतात. कोकणच्या समुद्राचं पाणी बहुतेक काळ २५ ते ३० अंशांत असतं, तिथे पाऊण तासाच्या स्नॉर्केलिंगला रॅश गार्ड पुरतो. लागोपाठ डाइव्ह असतील तर वेटसूट मागा.

कोलाडला कुंडलिकेतलं राफ्टिंग धरणातून सकाळी सोडलेल्या पाण्यावर चालतं. तिथे पाण्यापेक्षा ओल्या कपड्यावर लागणारा वारा गारठवतो, म्हणून हिवाळ्यात अर्धा ते एक मिलिमीटर निओप्रीनचा किंवा आतून लव असलेला थर्मल टॉप बरा.

१२. लाइफ जॅकेट किंवा वेटसूट असेल तर हा आत घालायचा की वर?

दोन्हींच्या आत. भाड्याचा वेटसूट दिवसभरात अनेकांच्या अंगावर चढतो, तेव्हा आत स्वतःचा स्वच्छ थर असलेला बरा. मानेवर आणि काखेत रबर घासत नाही, आणि वेटसूट चढतोही सहज.

लाइफ जॅकेटच्या बाबतीत एक काळजी घ्या. लायक्रा गुळगुळीत असल्याने जॅकेट वर सरकू शकतं. पट्टे रॅश गार्ड घातल्यावरच आवळा, मग दुसऱ्या कुणाला तरी खांद्याच्या पट्ट्यांना धरून वर ओढायला सांगा. जॅकेट हनुवटीच्या वर गेलं तर सैल आहे किंवा मोठं आहे. वेल्क्रो असेल तर ते नीट बंद करा, नाहीतर लायक्राचे धागे उपसून निघतात. आणि हे पक्कं समजून घ्या: रॅश गार्ड तरंगवत नाही. तो कधीही लाइफ जॅकेटच्या ऐवजी नाही.

१३. मुलांसाठी एक माप मोठं घेतलं तर दोन वर्षं जाईल का?

एक माप मोठं चालेल, दोन नाही. ढगळ सदऱ्यात पाणी भरतं, तो तोंडावर येतो आणि लहान मूल घाबरतं. चार-पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना पुढे पूर्ण चेन असलेला, पायाकडूनही झाकणारा एकसंध सूट सोपा जातो. चेनच्या वरच्या टोकाला कापडाची टोपी शिवलेली हवी, म्हणजे हनुवटीला चिमटा बसत नाही. ओढायच्या नाड्या गळ्याशी नकोत. रंगाबद्दल प्रश्न १० वाचा.

१४. रॅश गार्ड घातला की सनस्क्रीन लावायची गरज नाही ना?

झाकलेल्या भागावर नाही. चेहरा, कान, मानेची मागची बाजू, तळहातांची उलटी बाजू, गुडघ्यामागची खळगी आणि पायाचे वरचे भाग उरतात. स्नॉर्केलिंगला गुडघ्यामागचा भाग हमखास विसरला जातो आणि नंतर दोन दिवस बसता-उठता त्रास देतो. एसपीएफ ३० किंवा जास्त, पाण्यात जाण्याआधी २० मिनिटं, आणि दर दोन तासांनी पुन्हा. सनस्क्रीन अंगात मुरल्यावरच सदरा चढवा. का, ते प्रश्न १७ मध्ये.

१५. जेलीफिशपासून वाचवतो का?

जिथे कापड आहे तिथे बऱ्यापैकी. दंशपेशींचे सूक्ष्म काटे बहुधा लायक्राच्या पलीकडे पोचत नाहीत. पावसाळ्यात मुंबईच्या जुहू, गिरगाव किनाऱ्यांवर ब्लूबॉटल, म्हणजे जेलीफिशसारखे डंख करणारे निळे जीव, येतात. २०१८ च्या ऑगस्टमध्ये तर त्यांनी कितीतरी लोकांना डंख केला. त्या दिवसांत पाण्यात उतरूच नये हे खरं.

डंख झालाच तर चोळू नका, वाळू लावू नका. चिकटलेले तंतू चिमट्याने काढा, समुद्राच्याच पाण्याने धुवा, मग सोसवेल इतक्या गरम पाण्यात, ४५ अंशांच्या आत, तो भाग २० मिनिटं ठेवा. श्वास लागला, छातीत दुखलं किंवा चेहरा सुजला तर थेट डॉक्टर. तुटलेले तंतूही डंख करतात, तेव्हा सदऱ्यावर चिकटलेले हाताने झटकू नका. खडकावरच्या कालवांपासून आणि समुद्री साळिंदरापासून मात्र रॅश गार्ड वाचवत नाही.

१६. धुवायचा कसा?

पाण्यातून आल्या आल्या गोड्या पाण्याने दोनदा खळबळा. मीठ वाळलं की त्याचे कण विणीत घासत राहतात. मग साध्या पाण्यात, सौम्य डिटर्जंटने, हाताने. पिळू नका; टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा. उलटा करून सावलीत आडवा वाळवा.

गरम पाणी, फॅब्रिक कंडिशनर, ब्लीच, ड्रायर आणि इस्त्री ही पाचही इलॅस्टेनची शत्रू. ओला गोळा करून प्लॅस्टिकच्या पिशवीत परतीच्या प्रवासाला ठेवणं हेही तितकंच वाईट. वास तर लागतोच, शिवाय बुरशीही धरते.

१७. धुतल्यावर गळ्याशी आणि बाह्यांच्या टोकांना नारिंगी डाग पडलेत. रंग उतरला का?

नाही, हा बहुतेक वेळा सनस्क्रीन आणि लोहाचा डाग असतो. अनेक सनस्क्रीनमध्ये ॲव्होबेन्झोन नावाचा घटक असतो. पाण्यात लोह असेल तर दोन्ही मिळून गंजासारखा रंग धरतात. जिथे बोअरवेलच्या पाण्याने बादलीला पिवळसर थर चढतो, तिथे हे जास्त दिसतं.

ब्लीच वापरू नका, डाग आणखी पक्का होतो. एक लिटर पाण्यात एक चमचा सायट्रिक ॲसिड, म्हणजे वाणसामानाच्या दुकानात मिळणारं लिंबूसत्त्व विरघळवा, डागाचा भाग अर्धा तास भिजवा, हलकेच चोळा आणि भरपूर पाण्याने धुवा. डाग जुना असेल तर हे दोन-तीन वेळा करावं लागतं, तेव्हा तो फिका होतो. पुढच्या वेळी पहिलं खळबळणं बोअरवेलऐवजी नळाच्या पाण्यात करा, किंवा झिंक ऑक्साइडवाली, ॲव्होबेन्झोन नसलेली सनस्क्रीन घ्या.

१८. रॅश गार्ड घालूनही पुरळ उठलं. असं का?

पुरळ कुठे आहे त्यावर कारण कळतं. काखेत किंवा मानेशी पट्टा असेल तर माप किंवा शिवण (प्रश्न ६ आणि ८). छाती-पाठीवर बारीक घामोळ्यासारखं असेल तर बाहेर आल्यावर तासन् तास ओलाच अंगावर ठेवलात. कडा लाल, गोल आणि खाज असेल तर तो नायटा असू शकतो. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा, मनाने स्टेरॉइडचं मलम लावू नका.

फसवा प्रकार वेगळाच आहे: समुद्रात पोहल्यानंतर काही तासांनी पुरळ नेमकं *कपड्याखाली* उठतं आणि उघड्या अंगावर काहीच नसतं. काही पाण्यांत जेलीफिशच्या डोळ्यांना न दिसणाऱ्या अळ्या असतात. त्या कापडाखाली अडकतात, आणि दाब पडला किंवा गोडं पाणी लागलं की डंख करतात. म्हणजे कपडा अंगावर ठेवूनच शॉवरखाली उभं राहिलं की त्रास वाढतो. असा संशय असेल तर आधी रॅश गार्ड काढा, मग आंघोळ करा, आणि पुन्हा घालण्याआधी तो डिटर्जंटने धुऊन पूर्ण वाळवा.

१९. समुद्रात पोहण्याच्या स्पर्धेत घालू देतात का?

स्पर्धेच्या नियमांवर आहे. वर्ल्ड ॲक्वेटिक्स या पोहण्याच्या जागतिक संघटनेच्या नियमांत खुल्या पाण्यातला पोहण्याचा पोशाख खांद्याच्या पुढे जाऊ शकत नाही आणि मान झाकू शकत नाही, म्हणजे बाह्यांचा रॅश गार्ड बाद. मालवणच्या चिवला बीचसारख्या ठिकाणच्या स्पर्धांना उतरण्याआधी त्या वर्षीचं माहितीपत्रक वाचा किंवा आयोजकांना विचारा. सरावाला मात्र बिनधास्त घाला. स्पर्धेआधी दोनदा तरी त्याशिवाय पोहून बघा, कारण घासण्याच्या जागा बदलतात. तिथे व्हॅसलीन लावायचं.

२०. किती दिवस टिकतो? कधी टाकून द्यायचा?

वर्षांवर जाऊ नका, कापडाकडे बघा. आठवड्याला क्लोरीनमध्ये भिजणारा नायलॉनचा सदरा एका मोसमातच ढिला पडू शकतो, तर वर्षातून दोनदा समुद्र पाहणारा कितीतरी वर्षं जातो. ताणून सोडल्यावर कापड लोंबतच राहिलं, ढुंगणाशी आणि कोपरांशी पोक आलं, उजेडात धरल्यावर विरळ जागा दिसल्या किंवा कापडातून पांढरे, तुटके रबरी धागे बाहेर यायला लागले, की उन्हासाठी तो संपला. घरातल्या बादली-पोछ्याला तो ठीक आहे, कारण पाणी कमी पितो. गाडी पुसायला नको, विणीत अडकलेली वाळू रंगावर ओरखडे काढते.